ऑस्तिया: जिथे मोनिकामातेने देह ठेवला

रोमला गेलेला ख्रिस्ती यात्रेकरू दोन ठिकाणी हमखास थबकतो. संत पेत्राच्या महामंदिरात तो गुडघे टेकतो आणि कलोसियमच्या भग्न कमानींखाली उभा राहून रक्तसाक्ष्यांचे स्मरण करतो. २०२५ च्या ज्युबिली वर्षात, ऑक्टोबर महिन्यात, आम्ही पाच मित्र रोमला गेलो तेव्हा आम्हीही हेच केले. आम्ही सारे वसईचे. चौघे ख्रिस्ती आणि एक हिंदू. हे हिंदू मित्र आमच्याहून वयाने थोडे वडील, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. सारा गाव त्यांना ‘मास्तर’ म्हणतो, आम्हीही म्हणतो. दुसरा एक मित्र जन्मभर व्यापारी बोटीवर नोकरी करून नुकताच घरी स्थिरावलेला. यात्रेचे कार्यक्रम आटोपले आणि सुटीचा एक दिवस मोकळा उरला, तेव्हा मास्तर म्हणाले, ‘‘सम्राटांचे रोम पाहिले, पोपांचेही पाहिले. आता साध्या माणसांचे रोम पाहू या. ऑस्तियाला चला.’’

ऑस्तियाची गाडी रोमच्या संत पौल वेशीजवळून सुटते. अर्ध्या तासाचा प्रवास. ज्या वाटेने ती जाते ती जुनी ऑस्तियाची वाट. याच वाटेला लागून, वेशीबाहेर, संत पौलाची समाधी आणि तिच्यावरचे महामंदिर आहे. राष्ट्रांचा प्रेषित ज्या रस्त्याच्या कडेला विसावला, त्याच रस्त्याने आपण एका मृत बंदराकडे चाललो आहोत, हा विचार मनात आला आणि गाडीतल्या आमच्या गप्पा आपोआप मंदावल्या.

नदीने सोडलेले बंदर

‘ऑस्तिया’ हे नाव लॅटिनमधील मुखवाचक शब्दावरून आले आहे. तिबेर नदी जिथे समुद्राला मिळत असे, तिथे हे नगर वसले. चौथा राजा आंकुस मार्सियुस याने ते वसविले अशी दंतकथा आहे. मात्र उत्खननात सापडलेली सर्वांत जुनी तटबंदी इसवी सनापूर्वीच्या ४ थ्या शतकातली आहे. आरंभी ती लष्कराची लहानशी छावणी होती. पुढे रोमची भूक वाढत गेली, आणि आफ्रिका व इजिप्तमधून येणाऱ्या धान्यावर राजधानी जगू लागली. सम्राट क्लॉडियसने इ. स. ४२ मध्ये जवळच नवे कृत्रिम बंदर बांधावयास घेतले. त्राजानने दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्याला षट्कोनी धक्क्याची जोड दिली. त्या शतकात ऑस्तियाची वस्ती ५० हजारांच्या आसपास असावी असा अंदाज केला जातो.

पुढे व्यापार त्या नव्या बंदराकडे सरकला, साम्राज्य खिळखिळे झाले आणि नदीचा गाळ साचतच राहिला. १५५७ च्या महापुरानंतर तर तिबेरने आपले पात्रच बदलले. आज समुद्र तिथून सुमारे ३ किलोमीटर दूर हटला आहे. दलदल, हिवताप आणि ओसाडी यांनी नगराला गिळले. संगमरवर लोकांनी उचलून नेला, पुष्कळसा चुन्याच्या भट्टीत गेला. उरल्या त्या विटांच्या भिंती. १९३८ ते १९४२ या काळात, रोममध्ये भरावयाच्या जागतिक प्रदर्शनासाठी, ग्विदो काल्झा यांच्या देखरेखीखाली येथे घाईने फार मोठे उत्खनन झाले. महायुद्धामुळे ते प्रदर्शन कधीच भरले नाही. नगर मात्र उजेडात आले.

हे ऐकताना मास्तरांना आपला सोपारा आठवला नसता तरच नवल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्या ग्रंथात ‘सुप्पारा’ आणि ‘कल्लियेना’, म्हणजे आपली सोपारा आणि कल्याण ही बंदरे नोंदलेली आहेत. भारतातला माल तांबड्या समुद्रामार्गे अलेक्झांड्रियाला आणि तेथून इटलीला जात असे. ‘‘आपल्या खाडीचा माल शेवटी इकडेच उतरत होता,’’ मास्तर म्हणाले, ‘‘आणि तिच्यासारखीच हीदेखील गाळाने मेली.’’

साध्या माणसांचे नगर

नगराबाहेर प्रथम लागते ती थडग्यांची वाट. मृतांना वेशीच्या आत जागा द्यायची नाही, हा रोमनांचा जुना कायदा. मग रोमच्या बाजूची वेस, आणि तेथून काळ्या दगडांची फरसबंदी असलेला सरळ राजरस्ता. दगडांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा अजून दिसतात.

उजव्या हाताला नेपच्यूनचे स्नानगृह आहे. वरच्या सज्जावरून पाहिले की जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांत रेखलेला समुद्रदेव आणि त्याचे मत्स्यपुच्छी घोडे दिसतात. पुढे नाट्यगृह आणि त्याच्या मागे व्यापारी संघांचा चौक. चौकाच्या तिन्ही बाजूंना साठाच्या आसपास लहान लहान पेढ्या, आणि प्रत्येकीच्या उंबऱ्यापुढे खड्यांच्या नक्षीतली तिची पाटी! इथे कार्थेजचे जहाजमालक, तिथे साब्राथाचे व्यापारी आणि त्यांचा हत्ती. कुठे दीपस्तंभ, कुठे धान्याचे माप, कुठे शिडे फुगवलेली जहाजे. आमचा बोटीवरचा मित्र इथे लहान मुलासारखा हरखला. कोणत्या जहाजाला किती डोलकाठ्या, सुकाणू कुठे, शीड कसे बांधले आहे, हे तो बोटाने दाखवू लागला. अठराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराची आणि त्याची जणू जुनी ओळख निघाली.

पुढे गल्ल्या सुरू होतात. एका ठिकाणी लाव्हा दगडाची भली मोठी जाती ओळीने उभी आहेत. ती जनावरांकडून ओढविली जात. जवळच एक खानावळ. तिचा संगमरवरी ओटा जागेवर आहे आणि भिंतीवर खाद्यपदार्थांचे चित्र रंगविले आहे. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाचीही सोय. पलीकडे अनेक मजली भाड्याच्या इमारती, खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे. मुंबईच्या चाळींची आठवण यावी अशा. सार्वजनिक शौचकूपात संगमरवरी बैठका भिंतीला लागून ओळीने मांडल्या आहेत, मध्ये आडपडदा नाही. ‘‘इथे गावकीची सभा भरत असेल,’’ आमच्यापैकी एकाने म्हटले आणि आम्ही सारेच हसलो. एका गोदामाच्या दारावर दोन मालकांची नावे कोरलेली आहेत, एपागाथुस आणि एपाफ्रोदितुस. नावांवरून दोघेही मुक्त झालेले गुलाम असावेत. ऑस्तियाचे वैभव अशा माणसांच्या घामावर उभे होते.

मास्तरांचा प्रश्न

नगराच्या मध्यावर ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हा यांचे विटांचे उंच मंदिर आहे. पश्चिमेला सेरापिस या इजिप्शियन देवाचे मंदिर, ते इ. स. १२७ मध्ये अर्पण झाले. पर्शियन वळणाच्या मित्र देवाची पंधराहून अधिक तळघरासारखी देवघरे इथे सापडली आहेत. जुन्या किनाऱ्यालगत यहुदी लोकांचे सभास्थान आहे. ज्या विमानतळावर आम्ही उतरलो होतो, त्याच्या रस्त्याचे काम चालू असताना १९६१ मध्ये ते उजेडात आले. त्याच्या दगडावर कोरलेला सात फाट्यांचा दीपवृक्ष अजून ओळखू येतो.

एवढे पाहून झाल्यावर मास्तर एका भिंतीवर टेकले आणि त्यांनी विचारले, ‘‘अरे, सगळ्यांची देवळे दिसली. तुमची माणसे कुठे आहेत?’’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. खुणा अगदीच नाहीत असे नाही. नाट्यगृहासमोर एका छोट्या प्रार्थनागृहाचे अवशेष आहेत. ऑस्तियाचे रक्तसाक्षी किरियाकुस आणि सोबती यांचे स्मरण तिथे जपले गेले. राजरस्त्याच्या टोकाला ख्रिस्ती खुणा असलेली एक वास्तू आहे, पण ती खरोखर मंदिर होती काय, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. एका घराच्या फरशीवर पेला आणि मासा रेखला आहे. कदाचित ते घर ख्रिस्ती कुटुंबाचे असेल. सम्राट कॉन्स्टंटाइनने ऑस्तियात मंदिर बांधल्याची नोंद पोपांच्या जुन्या चरित्रग्रंथात आहे. त्याचा पाया १९९६ मध्ये उपकरणांच्या साहाय्याने जमिनीखाली हुडकला गेला. म्हणजे पहिल्या तीन शतकांसाठी बोट दाखवावे असे काहीच नाही म्हणा ना!

मास्तरांचा हा प्रश्न नवा नाही. तो याच ऑस्तियात, समुद्रकिनाऱ्यावर, फार पूर्वी एका मित्राने आपल्या ख्रिस्ती मित्रांना विचारला होता.

किनाऱ्यावरचे तीन मित्र

मिनुसियुस फेलिक्स हा रोममधला वकील. ‘ऑक्टेव्हियस’ या त्याच्या लहानशा ग्रंथाची गणना लॅटिन भाषेतील आरंभीच्या ख्रिस्ती साहित्यात होते; तो दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा किंवा तिसऱ्याच्या आरंभीचा मानतात. द्राक्षांच्या हंगामात न्यायालयांना सुटी लागली होती. जुना मित्र ऑक्टेव्हियस बायकामुलांना मागे ठेवून भेटीस आला होता. म्हणून मिनुसियुस, ऑक्टेव्हियस आणि तिसरा मित्र सेसिलियस समुद्रस्नानासाठी ऑस्तियाला आले. पहिले दोघे ख्रिस्ती, सेसिलियस जुन्या देवांचा भक्त. पहाटे किनाऱ्याकडे चालताना वाटेत सेरापिसची मूर्ती दिसली आणि सेसिलियसने रिवाजाप्रमाणे हात ओठांना लावून तिला वंदन केले. तेव्हा ऑक्टेव्हियसने मिनुसियुसला बोल लावला: जवळच्या मित्राला तू अशा अंधारात कसा राहू देतोस?

तिघे पुढे गेले. वाळूत मुले खापऱ्यांचे चपटे तुकडे पाण्यावर सपकन फेकून कोणाचा तुकडा जास्त उड्या मारतो हे पाहत होती. दोघे तो खेळ पाहण्यात रंगले, पण सेसिलियस गप्प होता. मित्राचे बोलणे त्याला लागले होते. शेवटी त्याने वाद मांडायचे ठरविले. स्नानाच्या जागेसाठी समुद्रात रचलेल्या दगडांवर तिघे बसले, मिनुसियुस मध्यस्थ म्हणून मधोमध.

सेसिलियसने मन मोकळे केले. हे ख्रिस्ती लोक अडाणी, हलक्या थरातले. रात्री चोरून जमतात. त्यांना ना देऊळ, ना वेदी, ना उघड मूर्ती! लपविण्यासारखे काही नसेल तर ते लपवितात कशाला? ऑक्टेव्हियसने शांतपणे उत्तर दिले: सारे विश्व ज्याची रचना आहे त्याला कोणत्या घरात कोंडणार? त्याचे मंदिर आपल्या मनात उभे राहावे, आणि निर्मळ अंतःकरण हेच त्याला अर्पण.

म्हणूनच ऑस्तियाच्या मातीत त्या काळातील ख्रिस्ती माणसे सापडत नाहीत. ती जात्यांपाशी होती, गोदामात होती, भाड्याच्या खोलीत होती. श्रद्धेची वाट रक्तसाक्ष्यांच्या रक्ताने शिंपली गेली हे खरे, पण सुटीत फिरायला गेलेल्या मित्रांच्या बोलण्यातूनही ती पुढे गेली.

ग्रंथाच्या शेवटी सेसिलियस ख्रिस्ती श्रद्धेचा स्वीकार करतो. हे आम्ही मास्तरांना सांगताना जरा चाचरलो. ते हसून म्हणाले, ‘‘घाबरू नका. मला आवडले ते दुसरेच. इतके बोचरे बोलणे झाले, तरी तिघे मित्र आनंदाने घरी गेले. आणि लिहिणाऱ्याने हे लिहिले तेव्हा त्याचा ऑक्टेव्हियस जिवंत नव्हता, असे तुम्हीच म्हणालात. म्हणजे हे पुस्तक वादाचे नव्हे, गेलेल्या मित्राच्या आठवणीचे आहे.’’ आम्हा चौघांपैकी कुणालाही ते पुस्तक असे वाचावेसे वाटले नव्हते.

खिडकी आणि स्नानगृह

ऑस्तियातले दुसरे संभाषण आई आणि मुलाचे आहे. इ. स. ३८७ च्या पास्काला मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. ज्या मुलासाठी मोनिकाने वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, तो शेवटी घरी आला. मायलेक, ऑगस्टीनचा मुलगा आदेओदातुस, भाऊ नाविजियुस आणि सोबती आफ्रिकेतील आपल्या गावी, थागास्तेला, परत जायला निघाले. जहाजाची वाट पाहत ते ऑस्तियात थांबले. गर्दीपासून दूर असलेल्या एका घरात, बागेकडे उघडणाऱ्या खिडकीला टेकून, मायलेक स्वर्गीय जीवनाविषयी बोलत राहिले. बोलता बोलता त्यांची मने क्षणभर त्या जीवनाला स्पर्शून आली, असे ऑगस्टीन ‘कन्फेशन्स’मध्ये सांगतो.

पुढे पाचेक दिवसांत मोनिकाला तापाने घेरले. शुद्ध हरपली, परत आली, तेव्हा ती मुलांना म्हणाली की आईला इथेच पुरा. नाविजियुसला राहवेना, परक्या मुलखापेक्षा आपल्या गावी मरण आले तर बरे, असे तो बोलून गेला. मोनिकाने त्याच्याकडे नाराजीने पाहिले. या देहाची कुठेही व्यवस्था लावा, त्याची चिंता करू नका, मात्र जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिचे मागणे. हे शब्द तिला सोपे गेले असतील असे समजू नये. नवऱ्याशेजारी तिने स्वतःसाठी जागा राखून ठेवली होती, आणि त्याविषयी ती फार दक्ष असे. पण घरापासून इतक्या दूर देह ठेवण्याची भीती वाटत नाही काय, असे कुणी विचारले तेव्हा ती म्हणाली होती की देवापासून काहीच दूर नाही. शेवटच्या दिवशी मला कुठून उठवायचे हे त्याला ठाऊक आहे. आजाराच्या नवव्या दिवशी, वयाच्या ५६ व्या वर्षी, तिने देह ठेवला. ऑगस्टीनला तेव्हा ३३ वे वर्ष चालू होते.

आदेओदातुसने हंबरडा फोडला, त्याला शांत केले गेले. एवोदियुसने स्तोत्रसंहिता हाती घेतली आणि स्तोत्र म्हणावयास आरंभ केला. ऑगस्टीनने डोळ्यांतून पाणी येऊ दिले नाही. कबरीशेजारी मिस्साबलिदान झाले तेव्हाही नाही. मग तो स्नानगृहात गेला. स्नानाने मनाचा भार हलका होतो, असे त्याने ऐकले होते. काही उपयोग झाला नाही. जसा गेला तसाच परत आला. रात्र झोपेत गेली, आणि नंतर एकांतात त्याचे अश्रू मोकळे झाले.

ते स्नानगृह कोणते, ते घर कोणते, हे कुणालाच सांगता येत नाही. ऑस्तियात स्नानगृहे पुष्कळ होती. परतताना आम्ही पुन्हा नेपच्यूनच्या सज्जावर उभे राहिलो. सकाळी जिथे नक्षीचे कौतुक केले, तिथे आता एक थोर पंडित दुःख धुऊन जात नाही म्हणून निमूट बाहेर पडताना दिसू लागला.

बोटीवरचा मित्र बऱ्याच वेळाने बोलला. त्याची आई वारली तेव्हा तो भर समुद्रात होता. तार पोहोचली तोवर दफनविधी उरकला होता. महिन्याभराने तो घरी आला तेव्हा कबरीवरची माती बसलेली होती. ‘‘मी कधी रडलोच नाही,’’ तो म्हणाला. ‘‘लोकांना वाटले, पैशापुढे याला आई नव्हती.’’ आम्ही इतक्या वर्षांचे मित्र, पण हे त्याने आजवर कुणाला सांगितले नव्हते.

दगडाचा तुकडा

अवशेषांलगत किल्ल्याच्या सावलीत एक लहानसे गाव आहे, आणि तिथे संत औरेआचे चर्च. १९४५ च्या उन्हाळ्यात, युद्ध नुकतेच संपले असताना, चर्चशेजारच्या अंगणात दोन मुले खेळाचा खांब रोवण्यासाठी खड्डा खणीत होती. त्यांच्या हाती संगमरवराचा एक फुटका तुकडा लागला. त्यावर लॅटिन ओळींचे अर्धेमुर्धे शब्द होते. ते मोनिकामातेच्या कबरीवरचे काव्य होते! बास्सुस नावाच्या रोमन उमरावाने ते करविले होते आणि जुन्या हस्तलिखितांत त्याची प्रत टिकून होती, म्हणूनच तुकड्याची ओळख पटली. जगभरचे विद्वान जे हुडकू शकले नसते, ते खेळणाऱ्या मुलांनी बाहेर काढले. आज तो तुकडा त्याच चर्चमध्ये आहे. आमच्या मित्राने त्यावरून हात फिरवला नाही. नुसता उभा राहिला.

मोनिकामातेचे अवशेष मात्र १४३० मध्ये रोमला हलविण्यात आले. आज ते संत ऑगस्टीनच्या महामंदिरात आहेत. मे २०२५ मध्ये निवडले गेलेले पोप लिओ चौदावे हे ऑगस्टीनच्याच संघाचे, त्यामुळे या मंदिराकडे आता यात्रेकरूंचे पाय अधिक वळतात. पायांवरून आठवले: त्याच मंदिरात काराव्हाज्योने रंगविलेले लोरेतो मातेचे चित्र आहे. मातेपुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे धुळीने माखलेले तळवे थेट आपल्या दिशेला येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे मिस्साला गेलो. मित्र आमच्या आधी जाऊन सॅक्रिस्टीत चिठ्ठी देऊन आला होता. वसईच्या घरोघरी आज अशी माणसे आहेत, ज्यांची मुले आखातात, कॅनडात, बोटीवर आहेत. आणि अशी मुले आहेत, ज्यांना आईचे शेवटचे दर्शन घडले नाही. मोनिकामातेने आपल्या मुलांकडे कबर मागितली नाही, वेदीपाशी आठवण मागितली. ती कुठूनही ठेवता येते. ऑगस्टीनने तर आपल्या वाचकांनाही विनविले आहे की मोनिका आणि पात्रिसियुस या माझ्या मातापित्यांचे वेदीपाशी स्मरण करा. २७ ऑगस्टला तिचा सण येतो, तेव्हा आपण ते अवश्य करू या.

मास्तर मिस्साभर मागच्या बाकावर बसून होते. बाहेरच्या पायऱ्यांवर ते थोडा वेळ घुटमळले.

‘‘माझी आईसुद्धा मी परीक्षेच्या कामावर असताना गेली,’’ ते म्हणाले. ‘‘तिचेही नाव सांगायला हवे होते रे.’’

‘‘सांगितले आहे, मास्तर,’’ मित्र म्हणाला. ‘‘चिठ्ठीवर दोन नावे होती.’’